नाझी काळात हिरावलेल्या कलाकृतीचा दावा : कागद कोणत्या क्रमाने जमवावेत

जुन्या छायाचित्रात पणजोबांचा दिवाणखाना दिसतो आणि सोफ्याच्या मागच्या भिंतीवर एक चित्र दिसते. तेच चित्र एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आढळते आणि त्याच आठवड्यात कुटुंबाकडून पत्र जाते, की चित्र आमचे आहे, परत करावे. काही दिवसांनी सभ्य शब्दांत नकार येतो. १९३३ ते १९४५ या काळात ज्यू आणि इतर छळग्रस्त कुटुंबांकडून हिरावल्या गेलेल्या कलाकृतींचे दावे पुष्कळदा इथेच बिघडतात. जे पत्र सर्वांत शेवटी जायला हवे ते सर्वांत आधी गेलेले असते. त्यावरच्या नकाराने काही ठिकाणी कायद्याची मुदत सुरू होते, समोरची बाजू वकील नेमते, आणि आपल्या हातात मात्र त्या एका छायाचित्रापलीकडे काही नसते.

अशा दाव्यांसाठी कागद शोधणारे वारस, कायद्याचे विद्यार्थी आणि संशोधन-सहायक यांच्यासाठी हा क्रम लिहिला आहे. आधी वस्तू, मग माणसे, मग हिरावले गेल्याचा व्यवहार, मग युद्धानंतरच्या फायली, मग आजपर्यंतची ताब्याची साखळी आणि त्यानंतर कायदा. कायदा इतका मागे ठेवण्याचे कारण असे, की कोणत्या देशाचा कायदा लागू होईल हे ती वस्तू कोणत्या वर्षी कोणत्या देशात होती यावरच ठरते, आणि तेवढे माहीत होईपर्यंत कायद्याची पुस्तके उघडून फारसे हाती लागत नाही.

## सुरुवात करण्यापूर्वी

पहिल्या दिवसापासून शोधाची वही ठेवावी. कोणत्या तारखेला कोणत्या अभिलेखागारात कोणती फाइल पाहिली, तिचा क्रमांक, पानाचा क्रमांक, काय सापडले आणि काय सापडले नाही, हे सारे त्याच दिवशी लिहावे. "या फाइलीत काही नाही" ही नोंदसुद्धा पुढे पुरावा ठरते, कारण अमेरिकेतील न्यायालये कुटुंबाने शोध घेण्यात दिरंगाई केली का, असे विचारतात. तिथल्या २०१६ च्या कायद्यानुसार तर कलाकृतीची ओळख, तिचे ठिकाण आणि तिच्यावरचा आपला हक्क या गोष्टी प्रत्यक्ष कळल्यापासून सहा वर्षे मोजली जातात. ती तारीख आठवणीवर सोडता येत नाही.

दुसरे काम घरातल्या वृद्धांचे. त्यांना संग्रहालयातले चित्र दाखवून "हेच ना?" असे विचारू नये. आधी त्यांना आठवेल ते सांगू द्यावे: चित्र कोणत्या खोलीत होते, उभे होते की आडवे, चौकट कशी होती, कोणी कुठून आणले असे घरात बोलले जाई. ते बोलणे ध्वनिमुद्रित करावे, लिहून काढावे, वाचून दाखवून सही घ्यावी. चित्र आधी दाखवले की साक्षीचे मोल उरत नाही, आणि ती व्यक्ती पुन्हा विचारायला असेलच असे नसते.

तिसरे, भाषा. बहुतेक कागद जर्मनमध्ये असतात. टंकलिखित पाने यांत्रिक भाषांतराने चाळता येतात, पण समासातले शेरे कुरेंट किंवा झ्युटरलीन वळणाच्या हस्तलिपीत असतात आणि नेमका निर्णय त्या शेऱ्यातच असतो. पेशवे दफ्तराला जसा मोडी वाचणारा लागतो, तसा इथे ती लिपी वाचणारा माणूस लागतो, आणि त्याचा खर्च सुरुवातीलाच धरावा.

खबरदारी : मूळ पत्रे, पारपत्रे आणि छायाचित्रे कोणालाही टपालाने पाठवू नयेत. साक्षांकित प्रती काढाव्यात. छायाचित्रांची मागची बाजूही स्कॅन करावी.

## टप्पा १ : कृती नेमकी कोणती, हे निश्चित करा

यात झालेल्या चुका तज्ज्ञांच्याही हातून झालेल्या आहेत. व्हिएन्नातील नोरा स्टियास्नी यांना १९३८ मध्ये गुस्ताफ क्लिम्ट यांचे एक निसर्गचित्र कवडीमोलाने विकावे लागले. १९४२ मध्ये त्यांची हत्या झाली. ऑस्ट्रियाने २००१ मध्ये बेल्व्हेडेर संग्रहालयातील "सफरचंदाचे झाड २" हे चित्र त्यांच्या वारसांना परत केले. पुढील संशोधनात दिसले की ते चित्र स्टियास्नी यांचे नव्हतेच. त्यांचे चित्र होते "झाडांखालची गुलाबाची झुडपे", आणि ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात होते. ते परत देण्यासाठी फ्रान्सला फेब्रुवारी २०२२ मध्ये खास कायदा करावा लागला. म्हणजे एका कुटुंबाला आपले चित्र वीस वर्षे उशिरा मिळाले आणि मधल्या काळात दुसऱ्याच कुटुंबाचे चित्र भलत्या हाती गेले.

एगॉन शीले यांच्या "वालीचे व्यक्तिचित्र" या कृतीचेही असेच झाले. ते लेआ बोंडी यांच्या मालकीचे होते. फ्रीडरिश वेल्त्स या विक्रेत्याने १९३९ मध्ये ते त्यांच्याकडून काढून घेतले. युद्धानंतर ते हाइनरिश रीगर यांच्या संग्रहातील चित्रांत मिसळले गेले आणि रीगर यांच्या वारसांकडून बेल्व्हेडेरकडे पोचले. वाद मिटायला २०१० साल उजाडले.

म्हणून प्रत्येक कृतीचा एक ओळखपत्रक-कागद करावा. त्यावर कलाकार, माध्यम, उंची, रुंदी, सही कुठे आहे, तारीख, कलाकाराच्या समग्र कृतिसूचीतील क्रमांक आणि आजवर वापरलेली सर्व शीर्षके लिहावीत. शीर्षकावर विसंबू नये, कारण ते सहज बदलते. क्लिम्ट यांचे आडेले ब्लोख-बाउअर यांचे व्यक्तिचित्र १९४३ मध्ये व्हिएन्नात मांडले गेले तेव्हा ज्यू नाव पुसून ते "सोनेरी रंगातील स्त्री" म्हणून दाखवले गेले. मापेही जपून वाचावीत: काही याद्यांत चौकटीसह माप असते, काहींत चौकटीतून दिसणाऱ्या भागाचे, आणि उंची-रुंदीचा क्रम सगळीकडे एक नसतो. छापचित्र किंवा ओतीव ब्राँझ असेल तर एकाच कृतीच्या अनेक प्रती असतात. तिथे प्रतीचा क्रमांक, कागदाचा डाग, समासातली नोंद यांवरच ओळख पटते.

पडताळणी : तुमचे वर्णन त्याच कलाकाराच्या दुसऱ्या एखाद्या कृतीला लागू पडते का, हे कृतिसूची घेऊन मुद्दाम तपासा. पडत असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : चित्राची पाठ वाचा

चित्राची पुढची बाजू सगळ्यांनी पाहिलेली असते. दाव्याला उपयोगी पडते ती मागची. कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीवर लिलावगृहाची चिठ्ठी, प्रदर्शनाचे लेबल, वाहतूकदाराचा शिक्का, जकातीचा ठसा, निळ्या किंवा तांबड्या खडूने लिहिलेला आकडा असे काही ना काही असते. फ्रान्समध्ये लूट गोळा करणाऱ्या रोझेनबर्ग पथकाने संग्रहवार सांकेतिक अक्षरे वापरली होती: रोथशिल्ड संग्रहासाठी "आर" आणि पुढे क्रमांक, दाव्हीद-वेइ संग्रहासाठी "डी डब्ल्यू". युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी म्युनिकच्या संकलन केंद्रात प्रत्येक वस्तूला नवा क्रमांक दिला आणि तिचे पत्रक तयार केले. म्युनिकची ही पत्रके आणि हे पथक लूट जिथे साठवी त्या पॅरिसच्या ज द पोम इमारतीतून गेलेल्या वस्तूंच्या नोंदी आता संकेतस्थळांवर शोधता येतात.

पाठीचे छायाचित्र मागताना मालकीचा शब्दही काढू नये. "या चित्राच्या मागील बाजूची छायाचित्रे आणि तुमच्याकडील मालकीचा इतिहास पाहता येईल का?" एवढी साधी चौकशी पुरेशी असते आणि ती मागणी ठरत नाही. छायाचित्रे तिरप्या उजेडात घेतलेली मिळाली तर खरवडलेले अंक व काढून टाकलेल्या चिठ्ठीच्या डिंकाची खूणही दिसते. चिठ्ठी मुद्दाम काढलेली दिसली तर ती बाब नोंदवावी, पण तेवढ्यावरून हेतू ठरवू नये. चित्राची डागडुजी करतानाही चिठ्ठ्या जातात.

## टप्पा ३ : माणसे आणि वारस

१ जानेवारी १९३९ पासून जर्मन राज्यातील ज्यू पुरुषांना "इस्राएल" आणि स्त्रियांना "सारा" हे जादा नाव लावणे सक्तीचे होते. त्या काळच्या कागदांवर दिसणारे हे नाव वंशावळीत खरे नाव म्हणून घालू नये, पण शोध घेताना त्यासह आणि त्याविना अशा दोन्ही प्रकारे घ्यावा. उमलाउट (स्वरावरची दोन टिंबे) असलेली अक्षरे दोन पद्धतींनी लिहिली जातात, हेही ध्यानात ठेवावे. निर्वासित झाल्यावर माणसांनी नावे बदलली, स्त्रियांची आडनावे लग्नाने बदलली. एका माणसाच्या चार-पाच नावांची यादी करूनच अभिलेखागारात जावे.

मृत्यूची तारीख वारसाहक्कासाठी कळीची असते. नवरा-बायकोपैकी आधी कोण गेले, यावर संग्रह कोणत्या घराण्याकडे जातो हे ठरते. व्हिएन्नाचे रंगभूमी कलावंत फ्रिट्स ग्रूनबाउम जानेवारी १९४१ मध्ये दाखाउ छावणीत वारले आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांची १९४२ मध्ये बेलारूसमधील माली त्रोस्तिनेत्स येथे हत्या झाली. त्यांच्या वारसांना प्रत्येक मंचापुढे हा क्रम कागदाने दाखवावा लागतो. छळछावण्यांतील नोंदींसाठी बाड आरोलसेन येथील अभिलेखागार आणि जेरुसलेममधील याद व्हाशेम या ज्यू हत्याकांडाच्या स्मारक-संस्थेची नावांची सूची पाहावी. जर्मन न्यायालयीन कागदांत मृत्यूची तारीख ८ मे १९४५ अशी दिसली तर थांबावे, कारण प्रत्यक्ष तारीख माहीत नसलेल्या अनेकांसाठी कायद्याने मानलेली ही तारीख आहे आणि खरा मृत्यू त्याआधी तीन वर्षे झालेला असू शकतो.

आपल्याकडच्या वारस दाखल्यासारखा जर्मनीत न्यायालयाचा वारस-दाखला असतो. त्याला "एर्बशाइन" म्हणतात. वाटण्या झाल्या असल्या, मृत्युपत्रे असली तर ती सर्व एका साखळीत लावावी लागतात. एक शाखा वगळून बाकीच्यांनी दावा केला आणि ती शाखा तीन वर्षांनी समोर आली, तर होत आलेली तडजोडही मोडते. मालक व्यक्ती होती की कंपनी, हेही पाहावे. ॲमस्टरडॅमचे विक्रेते याक खाउडस्टिकर मे १९४० मध्ये पळून जाताना जहाजावर पडून मरण पावले. त्यांच्या खिशातल्या लहानशा काळ्या वहीत १,११३ कृतींची नोंद होती. वही त्यांची होती, पण माल त्यांच्या पेढीचा होता, आणि पेढीच्या समभागांचे काय झाले याचा स्वतंत्र शोध घ्यावा लागला.

कुटुंबातले कोणी मुंबईमार्गे निसटले असेल तर महाराष्ट्रातही धागा मिळू शकतो. युद्धकाळात ब्रिटिशांनी जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना, त्यांत ज्यू निर्वासितही आले, अहमदनगर, पुरंदर आणि सातारा येथे स्थानबद्ध किंवा देखरेखीखाली ठेवले होते. अशा व्यक्तीच्या अर्जात मागे राहिलेल्या मालमत्तेचा उल्लेख असणे शक्य आहे, म्हणून मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परकीयांविषयीच्या फायली विचारून पाहाव्यात.

## टप्पा ४ : हिरावले कसे गेले

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. सैनिक आले आणि चित्र उचलून नेले, असे सरळ प्रकरण क्वचितच असते. बहुतेक वेळा कागदावर विक्री दिसते, पावती दिसते, कधी कुलमुखत्यारपत्रही दिसते. तो व्यवहार स्वेच्छेचा होता का, हे कागदांवरून दाखवायचे असते.

सुरुवात मालमत्तेच्या सक्तीच्या नोंदणीपासून करावी. २६ एप्रिल १९३८ च्या आदेशाने पाच हजार राइशमार्कहून (तेव्हाचे जर्मन चलन) अधिक मालमत्ता असलेल्या ज्यूंना ती जाहीर करणे भाग पडले. व्हिएन्नातील अर्ज आज ऑस्ट्रियाच्या राज्य अभिलेखागारात आहेत. हा छापील अर्ज हातात आला की घाईने कलावस्तूंच्या रकान्याकडे धावू नये. सगळी पाने वाचावीत: जमीन, व्यवसाय, रोखे, आणि मग दागिने, चैनीच्या वस्तू व कलासंग्रह यांचा एकत्र रकाना. त्या रकान्यात बहुधा एकच आकडा असतो आणि "सोबत मूल्यांकन जोडले आहे" असा शेरा. ते मूल्यांकन फाइलीच्या शेवटी टाचलेले असते, किंवा सुटून दुसऱ्या फाइलीत गेलेले असते. त्यानंतर मालमत्तेतील बदल कळवणारी पत्रे असतात. पहिल्या अर्जातले चित्र बदलाच्या पत्रात नसेल, तर त्या दोन तारखांच्या मध्ये काय घडले हा तुमचा प्रश्न.

मग कर पाहावेत. देश सोडणाऱ्याला मालमत्तेच्या २५ टक्के "पलायन कर" द्यावा लागे. नोव्हेंबर १९३८ नंतर ज्यूंवर वेगळा दंड बसला. तो आधी २० टक्के होता, नंतर २५ टक्के झाला. कराच्या नोटिशीची तारीख आणि चित्र विकल्याची तारीख एका कागदावर शेजारी मांडावी. दोन आठवड्यांचे अंतर दिसले तर त्या दोन ओळी पानभर युक्तिवादापेक्षा जास्त बोलतात.

त्यानंतर पैसा कुठे गेला ते शोधावे. लिली कासिरर यांना १९३९ मध्ये कामीय पिसारो यांचे पॅरिसच्या रस्त्याचे चित्र ९०० राइशमार्कला द्यावे लागले, आणि ती रक्कमही त्यांना हात न लावता येणाऱ्या गोठवलेल्या खात्यात गेली. पावतीवर "रक्कम मिळाली" असे लिहिले असले तरी कोणत्या खात्यात मिळाली, ते खाते कोणाच्या परवानगीने चाले, हे बँकेच्या व वित्त कार्यालयाच्या कागदांतून काढावे. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग वित्त कार्यालयाच्या फायली पॉट्सडॅमच्या अभिलेखागारात आहेत; हद्दपारीपूर्वी माणसांकडून भरून घेतलेले मालमत्तेचे जबानी अर्ज त्यांतच मिळतात. त्या अर्जांत चमचे-चादरींसह भिंतीवरच्या चित्रांची संख्या लिहिलेली असते.

लिलाव झाला असेल तर छापील सूची पाहावी. १९४५ पर्यंतच्या जर्मन लिलावसूच्यांचा मोठा भाग हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संगणकावर आणला आहे. मालकाचे नाव सूचीत आद्याक्षरांत किंवा "आर्येतर मालकीचे" अशा शब्दांत येते. समासात किंमत लिहिलेली प्रत मिळाली तर ती सोन्यासारखी.

या पुराव्याला तोलायचे कसे, याचे जुने आणि अजूनही उपयोगी माप म्हणजे युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या जर्मनीच्या विभागातील नोव्हेंबर १९४७ चा लष्करी शासनाचा कायदा क्रमांक ५९. ३० जानेवारी १९३३ नंतर छळग्रस्त व्यक्तीने केलेले हस्तांतर दडपणाखाली झाले असे हा कायदा गृहीत धरी. वाजवी किंमत मिळाली आणि ती रक्कम तिला मनाप्रमाणे वापरता आली, हे दाखवून ते गृहीतक खोडता येई. १५ सप्टेंबर १९३५ नंतरच्या व्यवहारांत मात्र तेवढे पुरत नसे, नाझी राजवट नसती तरी हा व्यवहार झाला असता किंवा घेणाऱ्याने त्या व्यक्तीच्या हिताचे खास रक्षण केले, हेही सिद्ध करावे लागे. आपला व्यवहार या दोन तारखांच्या कोणत्या बाजूला पडतो, हे पहिल्याच पानावर लिहावे.

नेहमीची चूक : संग्रहाची यादी सापडली की काम झाले असे मानणे. ग्रूनबाउम यांच्या घरी १९३८ मध्ये केलेल्या यादीत ४४९ कृती आहेत, त्यांतल्या ८१ शीले यांच्या; पण बऱ्याच रेखाटनांची शीर्षके नाहीत, ती गठ्ठ्याने मोजली आहेत. अशी यादी संग्रह होता हे दाखवते. आज समोर असलेला कागद त्या गठ्ठ्यातलाच होता, हे वेगळे दाखवावे लागते.

## टप्पा ५ : युद्धानंतरची फाइल

हा टप्पा टाळण्याकडे कुटुंबांचा कल असतो, कारण तिथे नकोसे काही निघेल अशी भीती वाटते. माझे मत स्पष्ट आहे: ही फाइल आपण आधी वाचलीच पाहिजे, कारण समोरची बाजू ती वाचणारच.

१९४८ पासून हजारो कुटुंबांनी जर्मनीत परतफेडीचे अर्ज केले. बर्लिनमधील अर्जांच्या फायली शहराच्या राज्य अभिलेखागारात आहेत. १९५७ च्या संघीय कायद्याखाली न सापडलेल्या वस्तूंसाठी भरपाईही दिली गेली. फाइलीत तीनपैकी काही एक निघते. चित्र परत मिळाले होते आणि कुटुंबाने नंतर स्वखुशीने विकले, असे असेल तर दावा तिथेच संपतो. भरपाई मिळाली असेल तर दावा आपोआप संपत नाही: लिली कासिरर यांना १९५८ मध्ये १,२०,००० मार्क मिळाले, पण त्या तडजोडीत चित्रावरचा हक्क त्यांनी सोडलेला नव्हता. म्हणून तडजोडीचा शब्दन् शब्द वाचावा आणि भरपाई घेतली असल्यास चित्र परत मिळताना ती फेडण्याची तयारी आधीच दाखवावी.

तिसरा प्रकार अधिक बारकाईचा. ऑस्ट्रियात युद्धानंतर कुटुंबांना उरलेला संग्रह देशाबाहेर नेण्याचा परवाना हवा असे, आणि त्याच्या बदल्यात काही चित्रे सरकारी संग्रहालयांना "भेट" द्यावी लागत. वरवर पाहता ते दानपत्र असते. १९९८ च्या ऑस्ट्रियन कायद्याने अशा दानांचा फेरविचार खुला केला. भेटीचे पत्र आणि निर्यात परवाना यांच्या तारखा, जावक क्रमांक आणि सही करणारा अधिकारी यांची तुलना केली की सौदा उघड होतो.

मुदतीत अर्ज न केल्याचाही फटका बसतो. चित्रकार क्रानाख यांच्या "ॲडम आणि ईव्ह" या चित्रांसाठी खाउडस्टिकर यांच्या वारसाने कॅलिफोर्नियातील संग्रहालयाविरुद्ध केलेला दावा २०१८ मध्ये अपील न्यायालयात हरला. १९५१ च्या डच मुदतीत पेढीने मागणी केली नाही आणि त्यानंतर डच सरकारने चित्रे विकली, ते सरकारी कृत्य अमेरिकन न्यायालय उलटवणार नाही, असे कारण दिले गेले. याच वारसांना त्याआधी २००६ मध्ये डच सरकारने २०२ चित्रे परत केली होती.

## टप्पा ६ : १९४५ पासून आजपर्यंतची साखळी

एक तक्ता करावा: तारीख, ठिकाण, ताबेदार, हस्तांतराचा प्रकार, पुरावा. पुराव्याच्या रकान्यात तीनच शेरे ठेवावेत: कागद आहे, अनुमान आहे, रिकामे आहे. "खाजगी संग्रह, स्वित्झर्लंड" हे रिकामेच समजावे. रिकामी जागा भरण्याचा मोह होतो, तो आवरावा.

म्युनिकच्या पत्रकावर "परत पाठवले" असे दिसले म्हणजे मालकाला मिळाले, असा अर्थ होत नाही. दोस्त राष्ट्रे वस्तू मूळ देशाच्या सरकारला देत. पुढचे काम त्या सरकारचे. फ्रान्समध्ये अशा सुमारे दोन हजार कृती मालक न सापडल्याने राष्ट्रीय संग्रहालयांच्या सांभाळात राहिल्या.

लूट तपासणाऱ्या अमेरिकन पथकाने युद्धानंतर संशयित विक्रेत्यांची यादी केली होती. त्यातले नाव साखळीत आले तर तो शोधाचा इशारा समजावा, पुरावा मानू नये. जर्मन केंद्राच्या हरवलेल्या कलाकृतींच्या सूचीत नोंद नसणे, किंवा अशा नोंदी ठेवणाऱ्या खाजगी संस्थेने "आमच्याकडे नोंद नाही" असे प्रमाणपत्र देणे, यानेही मालकी सिद्ध होत नाही.

पडताळणी : आजच्या ताबेदाराने कधी घेतले आणि तेव्हा वादाची त्याला कल्पना होती का? ग्रूनबाउम संग्रहातील शीले यांच्या दोन चित्रांच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१९ मध्ये वारसांच्या बाजूने निकाल दिला. दाखाउमध्ये घेतलेले कुलमुखत्यारपत्र दडपणाखालचे ठरले, आणि विक्रेत्याने वादाची माहिती असताना चित्र घेतले असल्याने दिरंगाईचा बचाव त्याला मिळाला नाही. याच संग्रहाशी जोडलेल्या दुसऱ्या रेखाटनाचा दावा २०१२ मध्ये दिरंगाईवरच हरला होता.

## टप्पा ७ : आता कायदा आणि मंच

प्रथम एक गैरसमज. नाझींनी हिरावलेल्या कलाकृतींविषयीची १९९८ ची वॉशिंग्टन तत्त्वे न्यायालयात बजावता येणारा कायदा नाहीत. ४४ सरकारांनी मान्य केलेली, बंधनकारक नसलेली ती दिशा आहे. सरकारी संग्रहालयाशी बोलताना, आणि २०२४ मध्ये त्यांच्या जोडीला आलेल्या आचारपद्धतींत सक्तीच्या विक्रीचाही विचार असल्याने, त्यांचा आधार जरूर घ्यावा. खाजगी मालकाला मात्र ती बांधत नाहीत.

युरोपात बहुतेक वेळा मंच हा न्यायालयाऐवजी समिती असते. ऑस्ट्रियात संघराज्याच्या संग्रहांसाठी १९९८ चा कायदा आणि सल्लागार मंडळ, ब्रिटनमध्ये २००० पासूनची सल्लागार समिती व २००९ चा कायदा, नेदरलँड्समध्ये परतफेड समिती. फ्रान्समध्ये जुलै २०२३ च्या कायद्यानंतर प्रत्येक सार्वजनिक कृतीसाठी वेगळा कायदा करावा लागत नाही. जर्मनीत ३० वर्षांच्या मुदतीमुळे दिवाणी न्यायालयाचा मार्ग जवळजवळ बंद असतो. तिथे २००३ पासून सल्लागार आयोग होता, त्याची जागा २०२५ च्या अखेरीस लवाद व्यवस्थेने घेतली. स्वित्झर्लंडमध्ये सद्भावनेने खरेदी करणाऱ्याला मोठे संरक्षण आहे, म्हणून वस्तू कधीही तिथून गेली असेल तर त्या थांब्याचे वर्ष नक्की करावे.

अमेरिकेत चोर चांगली मालकी पुढे देऊ शकत नाही, हे तत्त्व वारसांच्या बाजूचे आहे. न्यूयॉर्कमध्ये सद्भावी ताबेदाराविरुद्ध मुदत मागणी नाकारल्यापासून सुरू होते आणि ती तीन वर्षांची असते. २०१६ च्या संघीय कायद्याने सहा वर्षे दिली, पण दिरंगाईचा बचाव त्याने संपला नाही, असे २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयातील पिकासोच्या चित्राविषयी अपील न्यायालयाने ठरवले. मूळ कायद्याला २०२६ च्या अखेरीची मर्यादा होती. दावा दाखल करण्याच्या दिवशी कोणता मजकूर अमलात आहे, ते वकिलाकडून लेखी घ्यावे.

परकीय सरकारवर अमेरिकेत दावा चालेल का, हा स्वतंत्र प्रश्न. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आडेले ब्लोख-बाउअर यांच्या भाची मारिया आल्टमान यांना ऑस्ट्रियावर दावा चालवू दिला, आणि २००६ मध्ये व्हिएन्नातील लवादाने क्लिम्ट यांची पाच चित्रे त्यांच्या बाजूला दिली. २०२१ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने ठरवले, की सरकारने आपल्याच नागरिकांची मालमत्ता घेतली असेल तर परकीय सरकारला दाव्यापासून असलेल्या संरक्षणाला मालमत्ता-हरणाचा जो अपवाद आहे, तो लागू होत नाही. म्हणून हिरावले गेले त्या दिवशी मालक कोणत्या देशाचा नागरिक होता, याचा कागद हवा.

## टप्पा ८ : मांडणी आणि मागणीचे पत्र

फाइल अशी लावावी की अनोळखी वाचकाला एका तासात कथा कळेल: दोन पानांचे टिपण, तारखांचा तक्ता, कृतीचे ओळखपत्रक, वारसांची साखळी, मग क्रमांक दिलेले पुरावे, प्रत्येक जर्मन पानाचे भाषांतर समोरच्या पानावर. प्रतिकूल कागदही त्यातच, स्पष्टीकरणासह. भारतात केलेले प्रतिज्ञापत्र किंवा जन्म-मृत्यूचा दाखला परदेशी वापरायचा असेल तर त्यावर अपोस्टील (आंतरराष्ट्रीय कराराने परदेशी मान्य होणारे प्रमाणीकरण) घ्यावे. २००५ पासून भारत त्या करारात आहे. नावाच्या स्पेलिंगमध्ये दाखल्यागणिक फरक असेल तर एकाच व्यक्तीची सर्व रूपे सांगणारे वेगळे प्रतिज्ञापत्र जोडावे.

पत्रात कृतीचे वर्णन, वारसांची नावे, हिरावले गेल्याची हकीकत चार परिच्छेदांत, आणि परत देण्याची नेमकी मागणी असावी. आरोपांची भाषा टाळावी, कारण पुष्कळ प्रकरणे तडजोडीने सुटतात आणि समोरचा क्युरेटर पुढे तुमच्या बाजूने बोलू शकतो. चित्र परदेशी प्रदर्शनासाठी उसने गेले असेल तर त्या देशाने जप्तीपासून संरक्षण दिले आहे का, ते पत्रापूर्वी पाहावे. वालीचे चित्र १९९८ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शनासाठी आले असतानाच अडवले गेले.

पत्र वकिलामार्फत, पोचपावतीसह पाठवावे. उत्तर आले की पाकिटासकट जपावे, नकाराचे नेमके शब्द आणि ते हाती पडल्याची तारीख शोधाच्या वहीत लिहावी, आणि मुदत संपण्याच्या सहा महिने आधीची तारीख वकिलाच्या व स्वतःच्या दिनदर्शिकेत त्याच दिवशी टाकावी.